प्रूफवरचा भगवा आणि मशीनवरचा भगवा

गेल्या वर्षी गणपतीच्या दहा दिवस आधी एका मंडळाच्या स्मरणिकेची दोन हजार कव्हरं आमच्याकडे परत आली. लॅमिनेशन झालेली. तक्रार एकच, भगवा विटकरी दिसतोय. चार कार्यकर्ते आले होते. त्यातल्या एकाने खिशातून घडी काढली, उलगडली आणि टेबलावर ठेवली. आमचंच प्रूफ, म्हणजे छापण्याआधी पसंतीला दाखवायचा नमुना, ऑफिसातल्या डिजिटल प्रिंटरवर काढलेला, खाली माझी सही. शेजारी त्याने कव्हर ठेवलं. मी काय बोलणार? प्रूफवरचा भगवा झेंड्यासारखा होता आणि कव्हरवरचा खरंच कौलासारखा.

ते गेल्यावर मशीनमन काकांनी प्रूफ हातात घेतलं. काका बाबांच्या काळापासून आमच्या नारायण पेठेतल्या प्रेसमध्ये आहेत. म्हणाले, "ताई, हे छापायच्या आधी मला दाखवलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं. हा भगवा माझ्याकडनं येणार नाही. कोणाकडनंच येणार नाही."

सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबीसर), पिवळा आणि काळा या चार शायांत भगवा करायचा म्हणजे पिवळा पूर्ण आणि त्यावर साठ-पासष्ट टक्के मॅजेंटा. ऑफसेटची मजल तिथवरच. आमचा ऑफिस प्रिंटर वेगळ्या रंगांचा, वेगळ्या कागदावर चालणारा. त्याला आमच्या मशीनशी काही देणंघेणं नाही. तो सुंदर छापत होता आणि मी ते सुंदर प्रूफ पार्टीकडून पास करून घेत होते. कव्हरं पुन्हा छापली, भगवा पाचवा रंग म्हणून वेगळ्या शाईने. चार रंगांचं मशीन, म्हणजे कागद दुसऱ्यांदा मशीनवर, प्लेट जास्तीची. पैसे अर्थात आमच्याच खिशातून.

दिवाळी झाल्यावर प्रूफिंग सॉफ्टवेअर, म्हणजे प्रूफचा रंग मशीनच्या छपाईशी जुळवणारं, शोधायला लागले. जीएमजी कलरप्रूफ, फायरी, सीजीएसचं ओरिस ही नावं आमच्या धंद्यात सगळ्यांच्या कानावरची. वेबसाइट वाचून काही कळेना, सगळीकडे सगळंच "अचूक". मग दोन डीलरना डेमोला बोलावलं. कोण, कुठले, ते इथे लिहीत नाही.

पहिला स्वतःची फाइल घेऊन आला. फळांची टोपली, हसणारी मुलगी, रंगीत फुगे. प्रूफ असं आलं की बाबा खुर्चीतून उठून बघायला आले. मी म्हटलं, आता आमची फाइल लावा. मंडळाचं तेच कव्हर दिलं. भगवा दणदणीत आला, ऑफिसच्या प्रिंटरपेक्षाही सरस. प्रूफ प्रिंटरमध्ये नारिंगी शाईचं स्वतंत्र कार्ट्रिज असतं, हे त्याने अभिमानाने सांगितलं. काका दारात उभे होते. ते नुसतं "हं" म्हणाले आणि निघून गेले. त्या "हं"मध्ये माझा निर्णय अर्धा झाला. प्रिंटरला नारिंगी येते ठीक आहे, पण माझ्या मशीनला येत नाही तिथे त्या प्रिंटरला आवरणारं सॉफ्टवेअर मला हवं होतं. पैसे मोजायचे ते रंग फिका करण्यासाठी, हे बाबांना पटवायला आठवडा गेला.

दुसऱ्याने आल्या आल्या विचारलं, "मॅडम, तुमचं मशीन कशावर चालतं?"

"म्हणजे?"

"कुठल्या स्टँडर्डवर?"

मी म्हटलं, काकांच्या डोळ्यावर. तो हसला नाही. म्हणाला, मग आत्ता सॉफ्टवेअर घेऊ नका. मशीन रोज वेगळं छापत असेल तर प्रूफ जुळवायचं कशाशी? विकायला आलेला माणूस घेऊ नका म्हणतो, हे पुण्यात नवीन नाही. पण हा दुकान बंद करून झोपायला गेला नाही. पी.व्ही.जी. कॉलेजात प्रिंटिंग शिकलेला एक मुलगा त्याने दोन रविवार आमच्याकडे पाठवला.

त्या मुलाने टेस्ट प्लेटा लावल्या, शाई स्थिरावेपर्यंत शीटं सोडली आणि मग मोजायला बसला. फोग्रा ३९, म्हणजे आर्टपेपरवरच्या ऑफसेट छपाईचं एक स्टँडर्ड, धरायचं ठरलं होतं. छपाईत छटा बारीक ठिपक्यांतून होतात, आणि या स्टँडर्डमध्ये ५० टक्क्यांचा ठिपका आर्टपेपरवर साधारण ६४ चा दिसायला हवा. ठिपका दाबाखाली पसरतोच, तेवढं धरलेलं असतं. आमचा मॅजेंटा ७२ पर्यंत फुगत होता. चेहरे लालसर येतात म्हणून आम्ही वर्षानुवर्षं डिझायनरला बोल लावत होतो! ब्लँकेट, म्हणजे कागदावर शाई उतरवणारं रबर, जुनं निघालं, त्याखालचं पॅकिंग जास्त निघालं. ते बदललं, उरलेलं सीटीपीच्या, म्हणजे प्लेट काढणाऱ्या मशीनच्या, कर्व्हमध्ये ठिपके लहान करून काढलं. सॉफ्टवेअरवर एक रुपया खर्च व्हायच्या आत निम्म्या तक्रारी संपल्या.

त्यानंतर दोघांनाही सारखीच परीक्षा दिली. मंडळाचं कव्हर, पैठणीच्या कॅटलॉगचं एक पान आणि नुसती करड्या रंगाची पट्टी. करडा काळ्या शाईचा नाही, सायन-मॅजेंटा-यलो मिळून केलेला. रंग जरा हलला की सगळ्यात आधी तोच हिरवट किंवा गुलाबी होऊन चुगली करतो. सोमवारी एक प्रूफ, गुरुवारी एक, मधे प्रिंटर बंद. प्रत्येक प्रूफखाली ७२ चौकोनांची मीडिया वेज नावाची रंगपट्टी, ती स्पेक्ट्रोने, म्हणजे रंग मोजणाऱ्या यंत्राने, मोजायची. प्रूफसाठीचं स्टँडर्ड आयएसओ १२६४७-७ आहे, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत सरासरी फरक, म्हणजे डेल्टा ई, २.५ च्या आत लागतो. पहिल्याचं सोमवारचं प्रूफ पास झालं, गुरुवारचं नाही. दुसऱ्याची दोन्ही पास, आणि गुरुवारी कुठलासा रंग सरकला तेव्हा सॉफ्टवेअरने स्वतः मोजून, स्वतः दुरुस्ती करून प्रूफ पुन्हा काढलं. भगवा मात्र मरगळलेला, अगदी कव्हरवर आला होता तसा. काकांनी प्रूफ उचललं, मशीनवरच्या शीटवर ठेवलं, भिंग लावायचीही गरज पडली नाही. "हे चालेल," म्हणाले.

कागदाचा गोंधळ मात्र कोणी आधी सांगितला नव्हता. हल्लीचे आर्टपेपर राणीपाल घातलेल्या शर्टासारखे निळसर पांढरे असतात, फोग्रा ३९ चा कागद तसा नाही. म्हणून २०१५ मध्ये फोग्रा ५१ आलं. त्यात स्पेक्ट्रोवर मोजणीही वेगळी, एम१, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट धरून. आम्ही काही जॉब आता त्यावर नेलेत. तुमचा कागद ट्यूबलाइटखाली आणि खिडकीत वेगळा दिसत असेल तर डीलरला हा प्रश्न आधी विचारा. लायसन्स प्रिंटरच्या रुंदीप्रमाणे आहे का, डाँगल (सॉफ्टवेअर चालू करणारी यूएसबी चावी) हरवलं तर काय, दरवर्षीचं मेंटेनन्स किती, हेही लेखी घ्या. आमच्या डीलरचं पहिलं कोटेशन आणि शेवटचं बिल यांची ओळख पटत नव्हती.

बघायच्या जागेसाठी ५००० केल्विनचे दिवे बसवले आणि मागची भिंत राखी केली. बाबा म्हणाले, सुतक असल्यासारखं वाटतंय. तरी पार्टी प्रूफ घेऊन रस्त्यावर उन्हात जातेच. जाऊ देते. प्रूफच्या तळाशी आता तारीख, प्रोफाइल, कागद आणि "पास" छापलेलं लेबल असतं, सही त्याच्यावर घेते. यंदा तेच मंडळ आलं, फिकं प्रूफ बघून नाक मुरडलं आणि पाचव्या रंगाचे पैसे आगाऊ देऊन गेलं.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. काकांनी स्पेक्ट्रोलाही हळदकुंकू लावायला घेतलं, मी कसंबसं थांबवलं, तर त्यांनी त्याच्यासमोर झेंडू ठेवला. मग त्यांनाच काय वाटलं कोणास ठाऊक, एक पाकळी तोडून म्हणाले, "ताई, हिचा रंग मोजून घ्या बरं." घेतला. चार रंगांत जवळात जवळचा रंग डेल्टा ई आठच्या वर लांब. काकांनी पाकळी परत फुलापाशी ठेवली आणि म्हणाले, "मग माझं काय चुकत होतं?"