अर्धं घरटं आणि कच्ची शिलाई

सुगरण पक्ष्याच्या विणकामाचं कौतुक सगळेच करतात. मी शिवणकाम करते, त्यामुळे मलाही ते आहेच. पण मला जास्त आवडतं ते त्याचं मध्येच थांबणं.

फलटणजवळ आमचा थोडा ऊस आहे, नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर. विहिरीवर एक बाभूळ झुकलीय. लग्नसराई आटोपून मशीनला जरा उसंत मिळते आणि नेमकी तेव्हाच तिच्यावर पिवळ्या डोक्याच्या नरांची धांदल सुरू होते. नर उसाच्या पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो, टोक धरून उडतो, की पातं सर्रकन उभं फाटत जातं आणि लांब दोरा हातात. म्हणजे चोचीत! दोरा हिरवा असतानाच गाठी मारून घ्यायच्या, वाळला की तो वळत नाही. घरटी बरीचशी झाडाच्या पूर्वेच्या अंगाला. पश्चिमेचा वारा-पाऊस झाडच अंगावर घेतं.

आधी फांदीला घट्ट वेढे, मग उभी कडी, मग कडीवर हेल्मेटसारखं छप्पर. खालून उघडं, मधोमध एक आडवी पट्टी. इथवर आलं की गडी थांबतो. घरट्याला लोंबकळून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, पट्टीवर बसते, आतून इकडे-तिकडे चोचीने ओढून बघते. पसंत पडलं तर तो एका बाजूचा तळ भरून अंड्यांची जागा करतो आणि दुसऱ्या बाजूने ती लांब नळी खाली सोडतो. आतलं मऊ अस्तर ती घालते. पसंत नाही पडलं, तर ते अर्धवट घरटं तसंच लटकत राहतं आणि हा दुसरीकडे नवीन वेढे घालायला घेतो. नळीची सगळी मेहनत वाचलेली असते ना!

हा सगळा प्रकार पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला बसून टिपला. तेव्हा हाताशी नोकरी नव्हती. रिकामपणात माणूस काय करतो यावरून त्याची पारख करावी, असं माझं मत आहे.

तर आमच्याकडे ही अर्धी पायरी म्हणजे ट्रायल. नवरीचा ब्लाऊज मी आधी धावदोऱ्याने जोडते. मुंढा (काखेचा गोलावा), बाही, टक्स (छातीच्या चुण्या) सगळं कच्चं, बाजूला दोन बोटं माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड. गळा सांगितलेल्या मापापेक्षा बोटभर वरच ठेवते, कारण तो खाली घेता येतो, वर चढवता येत नाही. ना पायपिंग, ना लटकन, ना हुक. गिऱ्हाइकं कुरकुरतात, "ताई, एकदाच पूर्ण करून द्या की, दोनदा कोण येणार?" माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीचीही तीच तक्रार. "काकू, असं टाचण्या लावलेलं दाखवायला लाज वाटते. लेस तरी लावू या." तिला मी विहिरीवर नेलं. ती बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, "लेस लावलेली असती तर ती मादी बोललीच नसती, संकोचली असती."

मादी कसली संकोचते! पण बाईचं मात्र पोरीने बरोबर ओळखलं. लटकन लागलेल्या ब्लाऊजला "काखेत दाटतंय" असं सहसा कुणी म्हणत नाही. "छान झालाय" म्हणतात, पैसे देतात आणि पुढचा दुसरीकडे टाकतात. धावदोरा दिसला की मोकळं बोलतात. परवा एकीने आरशासमोर हात वर केला, खाली केला आणि सरळ सांगितलं, "बाही नकोच ही, कोपरापर्यंत घ्या." कापड शिल्लक होतं, घेतली.

एका बाबतीत मात्र त्या नराचा कित्ता गिरवण्यासारखा नाही. मादी अंड्यांवर बसली की हा पुढच्या घरट्याच्या मागे; पिल्लांना भरवणं बहुतेक तिच्याच माथी. आमचं गिऱ्हाईक बाळंतपण उरकून त्याच ब्लाऊजची माया उसवायला येतं, आणि त्याचे पैसे मी घेत नाही. दसरा-दिवाळीच्या गर्दीत जिला ट्रायलला यायला वेळ नाही, तिचं कापड मात्र ठेवून घेत नाही.