घड्याळ मागे गेलं, आमची चिऊ नाही गेली

येत्या रविवारी, २ नोव्हेंबरला, इथे अमेरिकेत उन्हाळ्यासाठी मार्चमध्ये तासभर पुढे केलेली घड्याळं परत मागे जाणार (डेलाइट सेव्हिंग संपणार), म्हणजे रात्री दोनचा परत एक वाजणार. ऑफिसात सगळे खुश, एक तास जास्त झोप म्हणे. ज्यांच्या घरात दोन वर्षांखालचं कोणी नाही त्यांनी खुशाल खुश व्हा!

गेल्या वर्षी आमची लेक चिऊ आठ महिन्यांची होती आणि आम्ही दोघं इतके बावळट की फोनमधलं घड्याळ आपोआप बदलतं म्हणजे झालं, असं समजून निवांत झोपलो. चिऊ रोज सव्वासहाला उठायची ती तेव्हाही तेव्हाच उठली, फक्त घड्याळात सव्वापाच झाले होते. बाहेर मिट्ट काळोख आणि ही क्रिबचा कठडा धरून उभी, एकदम टवटवीत. मग मी अजून एक शहाणपणा केला, रात्री तिला नव्या साडेसातपर्यंत ताणून जागं ठेवलं, म्हणजे तिच्या हिशोबाने साडेआठ. उशिरा झोपली की उशिरा उठेल, असं आपलं मोठ्या माणसांचं गणित. सात वाजल्यापासूनच डोळे चोळ, कान ओढ, दूध घेईना, रडून रडून शेवटी झोपली आणि दुसऱ्या दिवशी उठली पावणेपाचला. अति दमलेलं बाळ उलट कच्चं झोपतं हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आईला तर हे प्रकरणच पटेना. इथे न्यू जर्सीत सकाळचे दहा म्हणजे तिच्याकडे संध्याकाळचे साडेसात, ते एकदम साडेआठ झाले, म्हणजे नेमकी तिची सिरियल. "मग म्हशीला पण सांगता का गं, उद्यापासून धार तासाने उशिरा म्हणून?" मी हसले, पण नंतर वाचलं तर इथल्या शेतकऱ्यांचीही हीच तक्रार होती आणि त्यांच्या विरोधामुळे १९१९ मध्ये घड्याळं पुढे-मागे करायचा हा कायदा एकदा रद्द झाला होता. आई बरोबरच होती म्हणजे.

माझी खरी चूक मात्र पहाटेची होती. ती उठली की मी लगेच दिवा लावून दूध द्यायचे. डोळ्यावर उजेड पडला की शरीरात झोपेचं मेलाटोनिन कमी होतं, वर पोटात दूध, मग तिच्या दृष्टीने सकाळच झाली ना! नंतर सहाच्या आधी दिवा बंद म्हणजे बंद, अंधारातच थोपटायचं, आणि पहिलं दूध रोज पंधरा-पंधरा मिनिटं उशिरा. आठवडा गेला त्यात.

मार्चमध्ये सगळं उलटं, तास पुढे. तेव्हा मात्र चार दिवस आधीपासून रोज पंधरा मिनिटं लवकर केलं, आणि नुसती झोप नाही हं, जेवण, तेल, अंघोळ, दुपारची डुलकी सगळंच सरकवलं. अडचण आली उजेडाची, कारण ९ मार्चला सूर्य मावळतो जवळजवळ सातला. ब्लॅकआउट पडदे मागवले होते ते वेळेत आलेच नाहीत, म्हणून नवऱ्याने पोळ्या गुंडाळायची फॉइल टेपने खिडकीला चिकटवली. बाहेरून आमचं घर डब्यासारखं चमकत होतं, शेजारच्या आजी विचारायला आल्या सगळं ठीक आहे ना. पण झोपली पोरगी!

आज बुधवार, आजपासून परत सुरू, यावेळी उशिराच्या दिशेने. डेकेअरमधल्या टीचरना सांगून दुपारची झोप सरकवून घेतली. शुक्रवारी हॅलोवीन आहे, मुलं दारोदार चॉकलेटं मागायला येणार, बेल वाजत राहणारच, पण त्या दिवशी आमची झोपायची वेळ तशीही सव्वाआठ झालेली असेल, म्हणजे फायद्यातच. आजचं टार्गेट पावणेआठ होतं. जेवण पंधरा मिनिटं उशिरा वाढलं, तीन घास नीट गेले, चौथा वरणभाताचा घास गालात तसाच ठेवून बाईसाहेबांनी हाय चेअरमध्येच मान टाकली. बोटाने घास काढला, तोंड पुसलं, घड्याळ बघितलं तर अजून अकरा मिनिटं बाकी होती.