माझा अनुभव : कट्ट आवाजाच्या आधीचा पाऊण तास

सांगलीत कंबरेत उसण भरली की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी हाडवैद्याचं गाव सांगतं, कुणी म्हणतं पायाळू माणूस गाठा आणि त्याचा पाय कमरेला लावून घ्या. मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हळदीचे सौदे जोरात असले की सकाळपासून गादीवर मांडी घालून हिशोबाच्या पट्ट्या करत बसायचं. यंदा दुखणं कमरेवरून डाव्या मांडीत उतरलं, तेव्हा मिरजेला हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं. एमआरआय झाला. शेवटच्या मणक्यांमधली एक गादी थोडी फुगलीय, ऑपरेशनचं काम नाही, व्यायाम करा, असं निदान निघालं.

कायरोप्रॅक्टिकचं, म्हणजे हातानं दाब किंवा झटका देऊन मणक्यांवर उपचार करायच्या पद्धतीचं, खूळ मालकांच्या मुलानं डोक्यात घातलं. त्याच्या मोबाइलवर टॉवेलनं मान ओढून कडाड आवाज काढणारे व्हिडिओ होते. ते बघून आमच्या हिची पाचावर धारण बसली. "कमरेचं काय ते करा, पण मानेला हात लावू द्यायचा नाही, सांगून ठेवते!"

आधी फोन केले. एका ठिकाणी विचारलं, डॉक्टरांची डिग्री काय? उत्तर आलं, "सर लै फेमस हैत, पहिल्याच सिटिंगला फरक पडतोय." तिथं गेलो नाही. दुसरीकडं मॅडमनी स्वतःच सांगितलं : मूळ शिक्षण फिजिओथेरपीचं, बीपीटी आणि एमपीटी, त्यावर हाताच्या उपचारांचं प्रशिक्षण. अमेरिकेत कायरोप्रॅक्टरची वेगळी डॉक्टर पदवी असते, तिथं परवानाही लागतो. आपल्याकडं या विद्येची स्वतंत्र परिषद नाही, म्हणून पाटीपेक्षा पाटीमागची डिग्री विचारावी. फीसुद्धा फोनवरच विचारून घेतली.

जाताना एमआरआयची फाइल, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि ट्रॅक पँट एवढं घेतलं. जीन्स किंवा धोतर घालून गेलात तर तपासणीत तुमचीच पंचाईत.

मला वाटलं होतं, टेबलावर झोपवतील आणि मोडतील. पण पहिला बराच वेळ नुसते प्रश्नच. दुखणं कधी सुरू झालं, शिंकताना कळ येते का, रात्री झोपेतून उठवतं का. ताप येतो का, वजन आपोआप उतरलंय का, कधी कॅन्सर, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान, स्टेरॉइडचा कोर्स, रक्त पातळ करायची गोळी? मग जरा आवाज खाली आणून, "काका, लघवी-संडासवरचा ताबा सुटल्यासारखं वाटतं का? बसायच्या जागी बधिरपणा?" मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, याला हो म्हणाला असतात तर मी हातही लावला नसता, सरळ हॉस्पिटलात पाठवलं असतं, कारण तिथं तासांचा हिशोब असतो.

मग तपासणी. वाकवलं, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. छोट्या हातोडीनं गुडघ्यावर आणि घोट्यामागं ठोकून बघितलं. पायाचा अंगठा त्यांच्या हाताविरुद्ध वर उचलायला लावला. उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला, तेव्हा कुठं कळ येते ते लिहून घेतलं. नवीन एक्स-रे मागितला नाही. एमआरआयमधल्या फुगलेल्या गादीनं घाबरू नका, अशा गाद्या काहीच न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास दिसतात, हे मला तिथं पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं.

हाताचा उपचार काही मिनिटांचा. आधी काय करणार ते सांगितलं, संमतीच्या कागदावर सही घेतली. मानेचं करायचं नाही, हे मी तिथं लिहून दिलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. मानेला झटका दिल्यावर क्वचित तिथली रक्तवाहिनी फाटू शकते, पक्षाघात होऊ शकतो, आणि तुमच्या कमरेसाठी मानेची गरजच नाही, म्हणाल्या. एका कुशीवर झोपवलं, वरचा गुडघा वाकवला, खांदा धरला. "श्वास सोडा." सोडला, आणि एक छोटा, झटकन दिलेला दाब. कट्ट! दुखलं नाही, दचकलो मात्र. मणका जागेवर बसला का, असं विचारलं तर हसल्या. तो हाड बसल्याचा आवाज नाही, बोटं मोडताना येतो तसाच, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते त्याचा. आवाज नाही आला तरी उपचार वाया जात नाही.

बाहेर बसलेल्या एका गृहस्थांनी शुगरही उतरते का म्हणून विचारलं. मॅडम चक्क नाही म्हणाल्या. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टला ही पद्धत सुरू केली, तेव्हा बहुतेक सगळ्या रोगांचं मूळ मणक्यात आहे असा त्यांचा दावा होता. (आदल्याच वर्षी आपल्या मिरजेत वॉनलेस हॉस्पिटल उभं राहिलं होतं.) तो दावा टिकला नाही. कंबरदुखीत उपयोग होतो, पण साधारण व्यायामाइतकाच.

माझ्या कंबरपट्ट्याकडं बोट दाखवून त्यांनी तो सोडायला सांगितला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या जुनाट कंबरदुखीवरच्या सूचनांत हाताचे उपचार आणि व्यायाम आहेत, पट्टे नकोत असं म्हटलंय. पट्टा मी चांगला महागातला घेतला होता.

भिंतीवर सिटिंगच्या पॅकेजचा फलक होता. ते मला पटलं नाही. दुखणं कधी थांबेल माहीत नसताना आगाऊ पैसे कशाचे? दर वेळचे वेगळे देतो म्हटलं, त्यांनी मान्य केलं. चार-पाच वेळांत फरक नाही पडला तर मीच थांबवीन, हेही त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कंबर ठणकत होती. एक-दोन दिवस असं होईल, हे आधीच कानावर घातलेलं असल्यानं हिनं फार आरडाओरडा केला नाही. मांडीतली कळ आता कमी आहे, गेलेली नाही. सकाळी चालणं आणि गुडघ्या-हातांवर ओणवं होऊन पाठ वर-खाली करायचा व्यायाम सुरू आहे. दर अर्ध्या तासानं गादीवरून उठायचं, आणि जमलं तर खुर्ची-टेबल मागून घ्यायचं, अशीही ताकीद आहे. मालकांना विचारलं. सौदे संपू देत, मग बघू, म्हणालेत.