कढईच्या कडेचा चिकट थर आणि बंदुकीचं तेल

परवा सकाळी शेजारच्या गावचा एक पोरगा दुनळी घेऊन दारात उभा राहिला. वडील वारले, परवाना आता याच्या नावावर झालाय, पीक संरक्षणाचाच आहे, आणि पहिल्यांदाच साफ करायला बसला तर नळी मोडेचना, म्हणजे बिजागरीवर दुमडून उघडेचना. "काका, पार जाम झाली, हातोडीनं ठोकू का?" म्हणला. मी म्हणलं अरे बाबा थांब, हातोडी कामून, आत काडतूस हाय का नाही ते तरी माहिताय का तुला? नव्हतं माहीत.

म्हणून आधी मागच्या बांधावर गेलो, नळीचं तोंड मातीच्या ढिगाकडं, दोन्ही घोडे खाली आहेत ते बघितलं, आणि बिजागरीच्या फटीत दोन-दोन थेंब डिझेल सोडून गप बसलो. अर्धा तास. मधे पुन्हा दोन थेंब. मग वरची कळ अंगठ्यानं हळू दाबत, सोडत, दाबत, शेवटी कटकन उघडली. आत काही नव्हतं, देवाची कृपा. पण बिजागरीच्या खिळ्यावर जे दिसलं ते तुम्ही सगळ्यांनी घरी बघितलेलं आहे. भजी तळून तळून कढईच्या बाहेरच्या कडेला तपकिरी पिवळा चिकट थर बसतो ना, नखानं खरवडला तरी निघत नाही, अगदी तोच.

"वडील तेल कोणतं लावत होते रे?"

"घरचंच, करडीचं. घाण्यावरचं, शुद्ध."

तिथंच सगळं आलं. करडीवर माझा राग नाही, परभणी कुसुम आम्ही पण पेरतो आणि भाजीला दुसरं तेल मला चालत नाही. पण करडी काय, जवस काय, ही सुकणारी तेलं आहेत, जवस तर पक्कं सुकणारं आणि करडी त्याच्या थोडं खाली. सुकणं म्हणजे पाण्यासारखं उडून जाणं नाही, ही तेलं हवेतला ऑक्सिजन घेतात आणि आपसात जुळून घट्ट होत जातात, आधी चिकट, मग व्हार्निश. शुद्ध असलं तरी हेच होणार. म्हातारा माणूस दर वर्षी प्रेमानं तेल लावत गेला आणि दर वर्षी एक एक थर चढत गेला, याचं मला लई वाईट वाटलं, कारण बंदुकीची हेळसांड त्यानं केलीच नव्हती.

खोबरेलाचं वेगळं आहे. ते असं सुकत नाही म्हणून लोकांना वाटतं ते चालेल. पण खोबरेल साधारण २४ अंशाच्या खाली गोठायला लागतं, डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते हे काय सांगायचं. आणि रानडुकरं भुईमूग हरभऱ्यात कधी येतात? थंडीच्या रात्री. आमच्याकडच्याच एका माणसाची बंदूक अशीच, चाप ओढला, घोडा पडला पण जोर नाही, काडतुसाच्या बुडाशी बार पेटवणारी टोपी असते, तिच्यावर नुसता हलका ठिपका. टोपीला ठोका देणाऱ्या पिनच्या भोकात खोबरेल गोठून बसलं होतं. शिवाय खोबरेल जुनं झालं की खवट होतं, म्हणजे त्यात आम्ल तयार होतं, आणि आम्ल लोखंडाला काय करतं ते वेगळं सांगायला नको. (डुकराला गोळी घालायची तर वन खात्याची परवानगी लागते, नुसता बंदुकीचा परवाना पुरत नाही, हे पण जाता जाता सांगतो कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं.)

मी फौजेत होतो. तिथं पुलथ्रू, म्हणजे नळीतनं ओढायची दोरी, आणि तिला लावायची फोर बाय टूची चिंदी हातात आली की उस्ताद एकच गोष्ट डोक्यात बसवायचे, घाण काढणं एक काम, घासणाऱ्या भागाला वंगण देणं दुसरं काम आणि गंज रोखणं तिसरं काम. एकच बाटली तिन्ही कामं करते असं सीएलपी म्हणून तेल मिळतं, त्याचं नावच क्लीन, ल्युब्रिकेट, प्रोटेक्ट वरनं पडलंय, आणि ते चांगलंच असतं, शहरात बंदुकीच्या दुकानात मिळून जातं. पण तालुक्याला राहणाऱ्या माणसानं त्याच्यासाठी अडून बसू नये.

घाण काढायला डिझेल चालतं, रॉकेल मिळत असेल तर रॉकेल. पेट्रोल नको, भडका उडतो. बारा बोरच्या नळीत शिसं आणि प्लॅस्टिकच्या वॅडचा, म्हणजे छऱ्यामागच्या बुचाचा, थर बसतो, खडकीची शक्तिमान काडतुसं उडवली तरी बसतो आणि दुसरी उडवली तरी बसतो, त्याला पितळी तारेचा नाहीतर फॉस्फर ब्रॉन्झचा ब्रश पाहिजे, नुसत्या चिंदीनं निघत नाही. मागच्या बाजूनं गज घालायचा, पुढनं नाही. आणि डिझेल फिरवलं की काम झालं असं समजायचं नाही, ते पुसून काढून मग तेल, कारण डिझेल रॉकेल घाण धुतं पण गंजापासून म्हणावं तसं राखत नाही.

डब्ल्यूडी-४० बद्दल तर रोज कोणीतरी विचारतं, निळा पिवळा डबा, आता गावोगावी हार्डवेअरमधे आहे. नावातच आहे बघा, वॉटर डिस्प्लेसमेंट, आणि ४० म्हणजे चाळीसावा प्रयत्न जमला म्हणून. १९५३ साली अमेरिकेत निघालं, अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून. म्हणजे त्याचं काम पाणी हाकलणं. पावसात भिजून आलात तर फवारा, पुसा, एकदम बरोबर. पण त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागं जो पापुद्रा उरतो तो वंगण म्हणून लई कमी पडतो, आणि वर्षानुवर्षं तेच मारत राहिलं तर कुलपाच्या, म्हणजे घोडा-चापाच्या यंत्राच्या, आत चिकटा धरतो. त्याच्यावर दुसरं तेल लावावंच लागतं.

तर दुसरं तेल कोणतं? मी शिलाई मशीनचं वापरतो. पांढरं, पातळ, खनिज तेल, सुकत नाही, वास नाही, टेलरला लागतं म्हणून कुठंही मिळतं. बिजागरीला आणि जिथं लोखंड लोखंडावर दाबून घासतं तिथं तेल टिकत नाही, तिथं लिथियम ग्रीस, ज्वारीच्या दाण्याएवढं, बोटानं पसरून. त्यापेक्षा जास्त नको. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं ऑइल तर अजिबात नको, त्यात जळालेल्या इंजिनाचं आम्ल आणि धातूचा चुरा असतो.

जास्त नको हे पुन्हा सांगतो. आपल्याकडं मार्चपासनं हवेत नुसती धूळ, हळद काढायचे दिवस, काळ्या रानातली भुकटी नाकात जाते तशी बंदुकीतही जाते, आणि ओल्या तेलावर बसली की पॉलिश पेपर तयार. उन्हाळ्यात बोटाला चिंदी लागली की थोडासा ओशटपणा जाणवावा, थेंब दिसू नये. पावसाळ्यात उलट, जरा हात सैल सोडायचा.

यातच माझी एक चूक झाली ती सांगतो. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुकांना मिळून दोन वेळा बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. पहिल्यांदा मार्चमधे दिली ती पाऊस लागल्यावर परत मिळाली. देताना मी शिलाई मशीनचं पातळ तेल लावून, कातडी कव्हरात घालून दिली. परत आली तेव्हा उजव्या नळीवर अंगठ्याचा ठसा उमटला होता, गंजाचा. रेषा न् रेषा दिसत होत्या. कोणीतरी मोजताना उघडून धरली असणार, घामाचा हात, त्यात मीठ, वरनं कव्हर बंद. मी तिथं भांडलो पण, की निदान पुसून तरी ठेवायची, लोकांनी पोटाला चिमटा घेऊन घेतलेल्या वस्तू आहेत या, कोपऱ्यात उभ्या करून ठेवता. पण तेल चुकलं होतं ते माझं. वापरायचं तेल आणि ठेवायचं तेल वेगळं असतं. महिनोनमहिने ठेवायची तर पातळ तेल ओघळून जातं, त्याला दाट थर पाहिजे, ग्रीसचा पुसट हात किंवा गंजरोधक तेल. आणि कव्हर कातड्याचं नको, कातडं ओल धरतं, सुती कापड बरं. ऑक्टोबरला दुसऱ्यांदा दिली ती तशी दिली, विधानसभेनंतर घेतली तर एक ठिपका नव्हता. तो पहिला ठसा मी तेलात बुडवलेल्या बारीक स्टीलवूलनं, फुंकर घातल्यासारख्या हातानं काढला. जोरात घासलं तर निळाई, म्हणजे नळीवरचा काळानिळा गंजरोधक रंग, जाते, आणि त्या निळाईतच तेल धरून राहतं.

ज्यांच्याकडं ठासणीची, म्हणजे तोंडातनं दारू ठासायची, बंदूक आहे त्यांनी हे सगळं बाजूला ठेवायचं. काळ्या दारूची राख म्हणजे बहुतेक क्षारच, तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. कढत पाणी ओतायचं, नळी हाताला पोळेपर्यंत, मग ती गरमीनं आपोआप वाळते, मग लगेच तेल. बंदुकीत पाणी म्हणलं की लोक दचकतात, पण पाण्याशिवाय दुसऱ्या दिवशी लाल होणार म्हणजे होणार.

दुनळी ठेवताना मी नळी खाली करून ठेवतो. उलटं ठेवलं की जादा तेल कुलपातनं उतरून दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला लावायच्या भागाच्या, लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. त्या पोराच्या दस्त्याचं तेच झालं होतं, जोडाजवळ नख रुतत होतं. आणि उडवायच्या आधी नळी कोरडी पुसायची, आत तेल ठेवून बार काढायचा नाही, काडतुसाला तर तेलाचा हात लावूच नये, टोपी मरते.

बंदूक माझ्याकडं ठेवून घेता येत नाही, परवाना त्याचा, म्हणून त्याला समोर बसवूनच सगळं केलं. पिनची भोकं डिझेलनं धुतली तर काडीच्या टोकाला मधासारखी करडी निघत होती. चार तास गेले. जाताना म्हणला, "काका, मग घरचं तेल कशालाच नाही का?" म्हणलं आहे की, जवसाचं. लोखंडाला वाईट तेच लाकडाला चांगलं, आत जाऊन सुकतं आणि दस्ता बांधून ठेवतं. पेंटच्या दुकानात बेलतेल म्हण, ते उकळलेलं असतं, लवकर सुकतं. आधी जोडाजवळचं मुरलेलं तेल खडूच्या भुकटीनं शोषून घे, मग तळहातानं पातळ हात दे, दिवसभर वाळू दे, मग दुसरा. त्यानं गाडीला किक मारली तरी मी मागनं ओरडून सांगितलं, जवसाची चिंदी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नको रे, आपोआप तापून पेट घेते ती, दोरीवर पसरून वाळव.