आमची वाटचाल : पॉइंट, गॅप आणि टायमिंग

वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज टाकलं ते ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीसाठी. बुलेट दारात यायची ती इंजिनाचा मालक तिच्यावर बसून यायचा म्हणून. पुढे शेतात विजेच्या मोटारी आल्या, इंजिनांचं काम आटलं आणि बुलेटच धंदा होऊन बसली.

जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटची तक्रार ठरलेली : किक उलटी मारते, घाटात नॉकिंग होतं, म्हणजे इंजिन ठकठक वाजतं, नाहीतर पिकअप मरतो आणि सायलेन्सरचा पाइप निळा पडतो. गिऱ्हाईक आमच्याकडे पोचेपर्यंत कार्बोरेटर उघडून झालेला असतो, कॉइल नवी असते. आम्ही आधी पॉइंटचं, म्हणजे उघडताना प्लगला ठिणगी पाडणाऱ्या बारीक स्विचचं, झाकण काढतो. गॅप, म्हणजे पूर्ण उघडलेल्या पॉइंटमधलं अंतर, 0.35 ते 0.40 मिमी हवा. पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे जातं. म्हणून गॅप आधी, टायमिंग नंतर. मग वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या ॲडव्हान्सरच्या स्प्रिंगा बघायच्या. त्या सैल पडल्या की किक मारतानाच ठिणगी लवकर पडते आणि घोट्याची परीक्षा होते.

साडेतीनशे बुलेटला पिस्टन टॉपच्या, म्हणजे त्याच्या सगळ्यात वरच्या जागेच्या, 0.8 मिमी खाली असताना, ॲडव्हान्सर पूर्ण मिटलेला ठेवून, पॉइंट उघडायला हवेत. बरेच जण प्लगच्या भोकातून सायकलची तार घालून हे मोजतात. पण बुलेटचा प्लग तिरका, तारही तिरकीच बसते. त्यात टॉपजवळ पिस्टन जेमतेम हलतो. अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे तीन-चार अंशांचा फरक.

म्हणून आम्ही शेजारच्या टर्नरकडून स्टॉपर करून घेतला. जुन्या प्लगची चिनीमाती काढून आत बोल्ट बसवलेला. पिस्टन स्टॉपरला टेकेपर्यंत क्रँक दोन्ही बाजूंनी हाताने हळू फिरवायचा, क्रँकवर लावलेल्या डिग्रीच्या चकतीवरचे दोन आकडे घ्यायचे. त्यांचा मध्य म्हणजे टॉप. यासाठी प्रायमरी केस, म्हणजे क्लचकडचं झाकण, उघडावी लागते, ऑइल काढावं लागतं, अर्धा दिवस जातो. स्टॉपर काढल्यावर गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक पुढच्या दिशेनेच फिरवायचं, म्हणजे गिअरांमधली ढिलाई मापात येत नाही. इग्निशन चालू, दिवे बंद. डिस्चार्जकडे झुकलेला अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आला, तिथे पॉइंट उघडले. ते चकतीवर 0.8 मिमीच्या जागीच उघडले, तर टायमिंग बरोबर.

“पार्ट काहीच बदलला नाही, मग एवढे पैसे कशाचे?” हे आम्ही पुष्कळ ऐकलं. तरी मजुरी कमी केली नाही. एकदा नीट लावलेली गाडी लवकर परत येत नाही आणि तिचा मालक दुसरी गाडी पाठवतो. आमचं गॅरेज अशाच माणसांवर वाढलं.

आता पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवा म्हणणारे वाढलेत. रोज चालवायच्या गाडीला आम्ही ते खुशाल बसवतो. मात्र टायमिंग त्यालाही लावावंच लागतं, हे आधी सांगतो. जुन्या आरडी 350 मोटारसायकलीही येतात. त्यांना दोन सिलिंडर, पॉइंटचे दोन सेट, टायमिंग प्रत्येकाचं वेगळं. ती गाडी सकाळी लवकर आणून ठेवावी, संध्याकाळी न्यायला यावं.