चिखलातील शंभर किलोमीटर : एका ग्रॅव्हल शर्यतीचा वृत्तांत आणि पुढे जाणाऱ्यांसाठी काही सूचना

शर्यतीच्या आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला आणि पहाटे तो थांबला. सुरुवातीच्या रेषेवर उभे असताना आकाश मोकळे झालेले पाहून आम्हा सर्वांना हायसे वाटले होते. पण पाऊस पडत राहिला असता तर बरे झाले असते, हे बाविसाव्या किलोमीटरला समजले. आमच्या सायकल क्लबचे अकरा जण या ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या आणि कच्च्या वाटांवरील, शर्यतीत उतरले होते. त्यांपैकी सहा जणांनी अंतर पूर्ण केले. उरलेल्या पाच जणांपैकी एकाने थंडीने कुडकुडू लागल्यामुळे माघार घेतली आणि चौघांच्या सायकलींचे मागचे डिरेल्युअर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) मोडले. पाय थकले म्हणून थांबलेला एकही नव्हता. पुढच्या आठवड्यात आम्ही एकत्र बसून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : चिखलात तुम्ही सायकलवरून नेमके कधी उतरलात? या वृत्तांताचा बराचसा भाग त्या प्रश्नाच्या उत्तरांतून आलेला आहे.

पहिले बावीस किलोमीटर खडीचे आणि चांगल्या निचऱ्याचे होते, त्यांविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. त्यानंतर मार्ग शेतांमधल्या कच्च्या वाटेवर वळला आणि चिकणमातीचा सुमारे चार किलोमीटरचा पट्टा सुरू झाला. चिकणमातीचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय अशा शर्यतीत उतरू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. अल्बर्ट ॲटरबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९११ मध्ये मातीतील पाण्याच्या प्रमाणानुसार तिच्या अवस्थांच्या मर्यादा मांडल्या. कोरडी माती भुगा होऊन पडते आणि भरपूर पाणी झालेली माती वाहून जाते. या दोहोंच्या मधल्या अवस्थेत मात्र ती कुंभाराच्या गोळ्यासारखी मळली जाते आणि जिथे लागेल तिथे चिकटून बसते. पाऊस थांबून तीन-चार तास झालेले, वर ऊन पडू लागलेले आणि पुढे गेलेल्या शेकडो टायरांनी वाट तुडवलेली, अशा वेळी माती नेमकी या मधल्या अवस्थेत असते. म्हणूनच पाण्याने भरलेले चाकोरीतले डबके टाळून कडेच्या ओलसर, पण वरवर घट्ट दिसणाऱ्या मातीवरून जाण्याची जी सहज प्रवृत्ती असते, ती इथे घातक ठरते. डबक्यातील पातळ चिखल टायरवरून निथळून जातो, कडेचा चिखल चढत जातो. अर्थात डबक्याचा तळ दिसत नसेल, तर त्यात वेगाने शिरू नये.

कडेला गवत असेल तर त्यावरून जावे, असा सल्ला नेहमी दिला जातो, आणि गवत दाट असेल तर तो योग्यही आहे. पण विरळ आणि उपटले गेलेले गवत चिखलात मिसळले, की भिंत लिंपण्याच्या गाऱ्यात काड मिसळावे तसे होते. माझ्या फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या, आतून आधी खरखर ऐकू येऊ लागली. शंभरेक मीटरनंतर ती खरखर थांबली, तेव्हा चिखल झडून गेला असे मला वाटले. प्रत्यक्षात फोर्क आणि टायर यांच्यामधली जागा पूर्ण भरली होती आणि चाक फिरायचे थांबून नुसते घसरत होते. खाली उतरून बोटांनी उकरू लागलो, तर मातीच्या लगद्यात गवताच्या काड्या अशा गुंतल्या होत्या की लगदा तुटत नव्हता, लांबच लांब पट्टीसारखा सोलून काढावा लागत होता.

मागच्या बाजूला हेच घडते तेव्हा नुकसान होते. डिरेल्युअरच्या दोन लहान चाकांमध्ये चिखल आणि गवत अडकले, की चेन त्यांतून सरकत नाही. स्वार मात्र जोर लावतच असतो. त्यामुळे चेन संपूर्ण डिरेल्युअरला मागे आणि वर ओढते, डिरेल्युअरला फ्रेमशी जोडणारा लहान तुकडा, म्हणजे हँगर, वाकतो किंवा तुटतो आणि डिरेल्युअर चाकाच्या तारांमध्ये शिरते. हँगर मऊ ॲल्युमिनियमचा असतो, कारण फ्रेमऐवजी त्याने मोडावे अशीच त्याची योजना असते. आमच्या चौघांपैकी तिघांचे हँगर असेच, गिअर हलका करून आणखी जोर लावताना मोडले. तिघांनीही एकच गोष्ट सांगितली : पेडल जड झाल्याचे जाणवले होते, पण तो चढ संपेपर्यंत रेटावे असे वाटले.

चौथ्या मैत्रिणीची हकिगत अधिक बोधप्रद आहे. ती वेळेवर उतरली होती, तिने पाऊण किलोमीटर सायकल ढकलत नेली, आणि घट्ट रस्ता लागल्यावर ती चटकन बसून निघाली. ढकलत असताना मागच्या चाकाने गोळा केलेले गवत डिरेल्युअरमध्ये गुंडाळले गेले होते; दुसऱ्याच पेडलला हँगर तुटला. म्हणजे योग्य वेळी उतरणे पुरेसे नाही, पुन्हा बसण्यापूर्वी सायकल उचलून पेडल हाताने उलटे-सुलटे फिरवून पाहणे तितकेच आवश्यक आहे. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो. शेवटपर्यंत गेलेल्या सहाही जणांनी तो अर्धा मिनिट प्रत्येक वेळी दिला होता.

त्यामुळे पहिली सूचना अशी की, पेडल एकदा जरी विनाकारण जड वाटले, तरी ताबडतोब जोर सोडावा आणि उतरावे. दुसरी, चिखल खोल असेल तर ढकलण्याऐवजी सायकल खांद्यावर घ्यावी. भरलेली चाके जमिनीवर ओढल्याने चिखल वाढतच जातो, आणि नंतर तीच सायकल खांद्यावर घेणेही कठीण होते. तिसरी, एक चपटी लाकडी पट्टी जवळ ठेवावी. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया येथे भरणारी अनबाउंड ग्रॅव्हल ही शर्यत २०२३ मध्ये अशाच चिखलात सापडली होती. तिथे सुरुवातीच्या वीस किलोमीटरच्या आसपासच नामवंत स्पर्धकांनाही सायकली उचलून चालावे लागले, आणि रंग ढवळण्याची लाकडी पट्टी जवळ बाळगण्याची तिथली रीत सर्वांना ठाऊक झाली. आमच्यापैकी एकाने तशी पट्टी फ्रेमला चिकटपट्टीने बांधून आणली होती. त्या चार किलोमीटरमध्ये ती पट्टी पाच जणांच्या हातांतून फिरली. धातूचे हत्यार वापरू नये, विशेषतः कार्बनच्या फ्रेमवर.

टायरच्या रुंदीबाबत आमच्यात मतभेद होते आणि ते अजूनही पूर्णपणे मिटलेले नाहीत. माझे म्हणणे असे की, चिखलात टायर किती रुंद आहे यापेक्षा त्याच्या दोन्ही बाजूंना किती जागा उरते, हे महत्त्वाचे. ज्या फ्रेममध्ये ४५ मिलिमीटरचा टायर जेमतेम बसतो, तिच्यात चिखलाच्या दिवशी ३८ किंवा ४० मिलिमीटरचा घालावा. उरलेल्या जागेतून चिखल बाहेर पडू शकतो. हवेचा दाब कोरड्या दिवसापेक्षा तीन-चार पीएसआयने कमी ठेवला, तर पकड सुधारते. मात्र मार्गात टोकदार खडीही असेल, तर त्याहून खाली जाऊ नये.

सोबत नेण्याच्या वस्तूंमध्ये स्वतःच्या फ्रेमला बसणारा सुटा हँगर सर्वांत वरती असावा. जुन्या फ्रेमचे हँगर प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात. सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये आणलेला सामायिक हँगर ज्या फ्रेमना चालतो, त्यांच्या मालकांची ही अडचण बरीच कमी झाली आहे. हँगर बदलणे घरी एकदा तरी करून पाहावे. डिरेल्युअरच निकामी झाले, तर चेन तोडण्याचे अवजार आणि जोडकडी यांच्या साहाय्याने चेन आखूड करून एकाच गिअरवर पुढे जाता येते. आमच्या एका सदस्याने हा प्रयत्न केला. चेन सतत मोठ्या दातेरी चक्राकडे चढत गेल्यामुळे त्याला दहा किलोमीटरनंतर थांबावे लागले. चेन सरळ रेषेत राहील असे चक्र निवडले, तरच हा उपाय काहीसा टिकतो.

ब्रेककडे कोणीही पुरेसे लक्ष दिले नव्हते. ओली, रेतीमिश्रित माती रेझिनचे पॅड झपाट्याने खाते. माझे पॅड सुरुवातीला निम्मे शिल्लक होते आणि ऐंशीव्या किलोमीटरच्या उतारावर मागचा लिव्हर थेट हँडलला येऊन टेकला. चिखलाच्या शर्यतीला धातुमिश्रित पॅड घालावेत, त्यांचा आवाज सहन करावा, आणि ते शक्यतो नवे असावेत.

पिण्याच्या पाण्याविषयी मात्र मी आग्रहाने लिहितो, कारण या गोष्टीकडे गमतीने पाहिले जाते. गुरांच्या वावरातील वाटेवरच्या चिखलात शेण असते, आणि तो चिखल बाटलीच्या तोंडावर उडतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियामध्ये जून २००७ मध्ये चिखलात झालेल्या एका माउंटन बाइक शर्यतीनंतर तपासणीत सहभागी झालेल्या ५३७ जणांपैकी २२५ जणांनी जुलाबाचा त्रास झाल्याचे सांगितले, आणि त्याचे कारण चिखलातून पोटात गेलेला कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू असल्याचे आढळले. बाटलीला झाकण असावे किंवा पाठीवरच्या पिशवीतून नळीने पाणी प्यावे, आणि नळीचे तोंडही झाकलेले असावे. बाटलीच असेल तर पहिली धार बाहेर सोडून बाटलीचे तोंड धुऊन घ्यावे. खाऊची वेष्टने दातांनी फाडू नयेत. ती आदल्या दिवशीच थोडी कापून ठेवावीत. चेन धुण्यासाठी एक वेगळी, साध्या पाण्याची बाटली ठेवली, तर पिण्याचे पाणी त्यात खर्च होत नाही.

पायांसाठी दोन स्क्रूंचे क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारे तुकडे) आणि खोल नक्षीचे बूट घ्यावेत, म्हणजे चालता येते. थांबल्यावर अंग झपाट्याने गार पडते. माघार घेतलेल्या आमच्या मित्राकडे वाराप्रतिबंधक जॅकेट होते, पण ते सामानात मागे राहिले होते. ते खिशातच असायला हवे.

शर्यतीनंतर सायकल त्याच दिवशी धुवावी, कारण ही माती वाळल्यावर दगडासारखी होते. आधी मंद धारेने ती भिजू द्यावी, मग मऊ ब्रशने काढावी. जोराच्या फवाऱ्याने हब (चाकाचा मध्य), हेडसेट (हँडल फिरते तो सांधा) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस फिरतो ती जागा) यांच्या सीलमधून पाणी आत जाते. मी दोन दिवसांनी मागचा हब उघडला, तेव्हा बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या त्या हबच्या आतल्या ग्रीसचा रंग तपकिरी झालेला होता आणि बोटांवर ते चोळल्यावर बारीक कच लागत होती. चेन मापून पाहिली, तर शर्यतीआधी चांगली असलेली ती चेन मापपट्टीवरच्या ०.५ टक्क्यांच्या खुणेपलीकडे ताणली गेली होती, म्हणून ती बदलली.