देवगिरी: खंदक, अंधारी आणि मिठाची पोती

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याने पंधराएक किलोमीटरवर देवगिरी. गड पूर्ण बघायचा तर तीन तास हाताशी ठेवा आणि सकाळीच चढायला लागा. ऊन चढलं की वरचा उघडा कातळ तापतो. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, काही गुडघाभर उंच.

पाचव्या भिल्लम यादवाने बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे राजधानी वसवली. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि देवगिरीचा दौलताबाद झाला.

अंबरकोट, महाकोट आणि कालाकोट या तीन तटांतून वर जाताना दरवाज्यांकडे नीट बघा. एका दारातून पुढचं दार सरळ दिसत नाही. वाट मुद्दाम वळवली आहे, म्हणजे हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये. फळ्यांवर लोखंडी सुळे आहेत तेही हत्तीसाठीच.

खरा गड खंदकापाशी सुरू होतो. डोंगराचा पायथा सभोवार उभा तासला आहे. कातळाला हात लावून बघा, बोट रुतवायला खाच सापडत नाही. खंदक ओलांडला की अंधारी: कातळात खोदलेला वळणावळणाचा भुयारी जिना. डोळे सरावायला मिनिटभर थांबा. मोबाइलपेक्षा हातातली बॅटरी बरी, दुसरा हात भिंतीला हवा. वटवाघळांचा उग्र वास येतो, नाकाला रुमाल लावा. वरच्या तोंडावर लोखंडी झाकण ओढून त्यावर निखारे पेटवत, आणि आग फुलावी म्हणून वाऱ्याला वाट ठेवलेली होती. चुकून इथवर पोचलेला शत्रू धुरात गुदमरायचा.

एवढा बंदोबस्त असूनही गड गेला, तो पोटामुळे. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा यादव राजा रामदेवरायाचा मुलगा शंकरदेव फौजेसह बाहेर होता. रामदेवरायाने घाईघाईत वर चढवलेली पोती उघडली तर धान्याऐवजी मीठ निघालं, असं सांगतात. १६३३ मध्ये मोगलांनी सुरुंगांनी बाहेरचे तट फोडले; आत मात्र उपासमार झाली आणि मलिक अंबरचा मुलगा फतेहखान शरण आला. माझ्या मते या गडावर कोठाराची गोष्ट तोफांच्या आधी सांगायला हवी. तोफा बघायच्याच असतील तर मेंढा तोफ चुकवू नका, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं घडवलं आहे.

वाटेतल्या चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन कैदेत होता. अंधारीच्या वरची बारादरी वाऱ्याची जागा आहे, पाणी प्यायला तिथेच बसा.

मग शिखराजवळची जनार्दनस्वामींची जागा. ते इथले किल्लेदार, आणि एकनाथ महाराज शिकले ते त्यांच्यापाशीच. हिशोबातली एका पैची चूक सापडावी म्हणून नाथांनी रात्र जागवली, ती गोष्ट याच गडाच्या वह्यांची.